काही होत नाही

देहूत खरं-खोटं पाण्यात बुडवून ठरवायची पद्धत जुनी आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या, तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या आणि विषय मिटला, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. त्यामुळे भाच्याने प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात येऊन, "मामा, आमच्यात जोड केला की त्यात हवा भरून पाण्यात बुडवतात, बुडबुडा आला की नापास," असं सांगितलं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. माझ्या आईने तर हात जोडले. तेरा दिवस मिळतात का, एवढंच तिने विचारलं. मास्तर तेरा मिनिटंसुद्धा देत नाहीत हे कळल्यावर तिला मास्तर जरा नास्तिक वाटले.

भाचा गॅसचं काम शिकत होता. पाइपने घरात येणारा गॅस मीटरपर्यंत आणायचा, मीटरपासून शेगडीपर्यंत न्यायचा आणि वाटेत कुठेही बाहेर पडू द्यायचा नाही, असं हे काम. ऐकायला सोपं आहे. गॅसने मनावर घेतलं तर सोपं राहत नाही.

आमच्या दाजींनी मात्र 'पोरगा गॅस इंजिनिअर होतोय' असं गावात जाहीर करून टाकलं. त्यांचाही नाइलाज होता. आमचा सगळा पट्टाच तसा आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग साठच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले, आणि देहू ते चाकण या टापूत 'पोरगा काय करतो?' या प्रश्नाला तीनच उत्तरं उरली: इंजिनिअर आहे, कंपनीत पर्मनंट आहे, किंवा प्लॉटिंग करतो. चौथं उत्तर दिलं की समोरचा चहा अर्धा ठेवून उठतो. त्यात 'गॅसचं काम करतो' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खांद्यावर सिलिंडर घेऊन तीन जिने चढणारा माणूस उभा राहतो. त्या माणसाबद्दल लोकांना आदर असतो, पण त्याला मुलगी द्यावी इतका नसतो.

"डिग्री कुठली म्हणायची पण?" ताईने विचारलं.

"विचारलं तर सांगू. आधीच कशाला सांगायचं?" दाजी म्हणाले. दाजी प्लॉटिंग करतात.

खरं तर भाच्याची वाट सरळ होती. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप, मग गॅसच्या कामाचं वेगळं प्रशिक्षण. या क्षेत्रासाठी हायड्रोकार्बन सेक्टर स्किल कौन्सिल नावाची कौशल्य परिषद आहे. तिच्या पद्धतीने लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा होते. आपल्याकडे पाइपच्या गॅसचा कारभार दोन गोष्टींनी मार्गी लागला आणि दोन्ही 2006 सालच्या आहेत. त्या वर्षी दिल्लीत पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून पुण्यासाठी महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन केली. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, हिंजवडी हा तिचा पहिला मुलूख. मग रस्ते खोदले गेले. आमच्याकडे रस्ते त्याआधीही खोदलेलेच होते, पण आता खड्ड्यात पिवळा पाइप दिसायला लागला.

हा वायू आमच्याकडे नवा आहे असं मात्र कुणी समजू नये. पिवळ्या पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, आणि मिथेनशी आमच्या घराचा संबंध वडिलांच्या काळापासूनचा. गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी होती, खादी ग्रामोद्योगवाल्या नमुन्याची, वर तरंगणारी लोखंडी टोपी असलेली. गोबरगॅसमध्ये साधारण निम्म्याहून अधिक मिथेनच असतो. सकाळी शेण कालवायचं काम आम्हा भावंडांकडे असे. गॅसचा जोर कमी पडला की वडील त्या टोपीवर एक धोंडा ठेवत. पाहुणे जास्त असले की दोन. पाहुण्यांची संख्या आणि वायूचा दाब यांचं गणित कुठल्याही पुस्तकाशिवाय जमवणारा तो माणूस. आज भाच्याला दाब ठरवण्यासाठी एकामागून एक असे तीन-चार रेग्युलेटर शिकावे लागतात, आणि धोंड्याचा उल्लेख अभ्यासक्रमात कुठेही नाही.

वर्गातला पहिला मोठा धडा होता दोन वायूंच्या स्वभावाचा. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. लग्नाच्या पंगतीत जेवायला आलेल्या दूरच्या पाहुण्यासारखा: खाली बसला की उठत नाही. गळाला तर जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साठतो, मोरीत उतरतो. पाइपमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून सिलिंडर असेल तिथे हवेला वाट खाली हवी आणि पाइपचा गॅस असेल तिथे वर छताजवळ हवी. आपल्याकडे बहुतेक स्वयंपाकघरांत खालची वाट झुरळं येतात म्हणून बुजवलेली असते आणि वरची वाट कबुतरं येतात म्हणून.

भाच्याने त्याच संध्याकाळी आमच्या घरात फिरून दोन्ही जागा तपासल्या. खालच्या भोकात त्याला जुनं फडकं सापडलं आणि वरच्या भोकात थर्माकोल. ते फडकं माझ्या आईचं नऊवारी लुगडं होतं आणि ते कित्येक वर्षं हरवलेलं होतं, त्यामुळे प्रशिक्षणाचा पहिला फायदा घराला लगेच झाला.

दुसरा धडा वासाचा. गॅसला वास असतो अशी आपली पक्की समजूत आहे. तो मुळात नसतो. मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन मुद्दाम मिसळून तो आणला जातो, आणि त्याचा चिमूटभर अंशही नाकाला कळतो. ही अक्कल जगाला फार महागात मिळाली. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा नैसर्गिक वायू साठला. कुणाला पत्ता नाही. एक ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास हवाच, असे कायदे झाले. मास्तर हे सांगतात तेव्हा वर्गात कुणी हसत नाही, आणि या लेखातही इथे हसायचं काही नाही.

पण वासाबरोबर नाकाचं शिक्षण आलं, आणि नाकाचं शिक्षण घेतलेला माणूस घरात ठेवणं अवघड असतं. भाचा कुणाच्याही घरी गेला की चपला काढायच्या आधी दोनदा हुंगायचा. ताईच्या भिशीतल्या बायकांचा एकदा गैरसमज झाला. त्या दिवशी सुकटीची चटणी होती. शिवाय मास्तरांनी असंही शिकवलं की, तोच वास सतत येत राहिला तर नाक हळूहळू तो सांगायचं बंद करतं, म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही, डिटेक्टर वापरायचा. थोडक्यात, आधी नाक तयार करायचं आणि मग त्याच्यावर अविश्वास दाखवायचा.

अविश्वास हाच या शिक्षणाचा गाभा आहे, हे मला हळूहळू कळत गेलं. मास्तरांनी वर्गात एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवला होता. जो कुणी 'काही होत नाही' म्हणेल त्याने त्यात दहा रुपये टाकायचे. मास्तरांचं म्हणणं असं की गॅसचं काम दोन महिन्यांत शिकवता येतं, पण हे दोन-दोन अक्षरी तीन शब्दांचं वाक्य तोंडातून काढायला वर्ष लागतं. पोरं काही ऐकत नव्हती. टेफ्लॉनची पट्टी उलटी गुंडाळली, "काही होत नाही सर." दहा रुपये. दोन क्लिपांऐवजी एकच क्लिप लावली, "काही होत नाही." दहा रुपये. एकाने डब्यात दहाची नोट टाकताना "दहा रुपयांनी काही होत नाही" म्हटलं, त्याला वीस पडले. कोर्स संपता संपता त्या डब्यातून अख्ख्या बॅचची मिसळ झाली, जादा तर्रीसकट.

हे वाक्य आपल्या पट्ट्याचं जणू ब्रीदवाक्य आहे. रॉंग साइडने तळवड्याच्या चौकात घुसताना आपण तेच म्हणतो. हायटेन्शनच्या तारेखाली दुसरा मजला चढवताना तेच. आणि बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही, हीच तर पंचाईत आहे. त्यामुळे आपला अनुभव दांडगा होतो. बाकी सगळी खाती या वाक्याला सांभाळून घेतात. पोलीस घेतात, नगरपालिका घेते, देवही पुष्कळदा घेतो. गॅस घेत नाही. त्याला ओळख सांगून उपयोग नसतो. तो आमदारांच्या माणसाचं ऐकत नाही, 'आपलाच माणूस आहे' हे त्याला समजत नाही. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये असलं आणि ठिणगी मिळाली की तो पेटतो. गावातला आहे की बाहेरचा, हे विचारत बसत नाही.

मग हातकाम सुरू झालं. लोखंडी पाइप शिकंज्यात धरायचा, डाय लावायची, तेल सोडत सोडत आटे पाडायचे. आटे कमी पडले तर जोड बसत नाही, जास्त पडले तर पाइप कमजोर होतो. पहिले काही दिवस भाच्याचे तळहात असे झाले होते की जेवताना तो घास चमच्याने घ्यायचा, आणि दाजी शेजाऱ्यांना सांगायचे की पोराला आता कंपनीच्या वरच्या लोकांत जेवायची सवय लागली आहे.

त्यानंतर मॅनोमीटर. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली नळी, तिच्यात रंगीत पाणी. घरगुती पाइपच्या गॅसचा दाब किती, तर 21 मिलिबार. म्हणजे हे पाणी साधारण 21 सेंटिमीटर वर ढकललं जाईल एवढा. भाच्याने हे सांगितलं तेव्हा दाजी नाराज झाले. एवढे रस्ते खोदले, एवढे पाइप घातले आणि दाब वीतभर पाण्याचा? "हे तर मी फुंकर मारून करीन," ते म्हणाले. आणि ते खरं आहे. निरोगी माणूस नळीत फुंकून यापेक्षा जास्त दाब सहज आणतो. भाच्याने समजावलं की रस्त्याखालच्या मोठ्या पोलादी वाहिनीत दाब कितीतरी पट असतो, तो टप्प्याटप्प्याने उतरवत, रेग्युलेटरमागून रेग्युलेटर लावत, स्वयंपाकघरात अगदी गरीब करून आणतात. दाजींना ही कल्पना पटली. मोठ्या साहेबाला घरी असंच करून आणतात, असं ते म्हणाले. ताई आतून म्हणाली, "कुणाच्या घरी?"

जोड तपासायला साबणाचं पाणी. दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं आणि वाट बघायची. गळती असेल तर बुडबुडा फुगतो. इतकं साधं, इतकं स्वस्त, आणि म्हणूनच लोकांना ते पटत नाही. ज्या घरी जावं तिथे एखादे काका निघतात आणि म्हणतात, "साबण कशाला? काडी लावून बघा, लगेच कळतं." लगेच कळतं हे खरंच. कळून घ्यायला काका उरतील का, एवढाच प्रश्न असतो. अशा वेळी उलट उत्तर न देता काकांच्या हातातली काडेपेटी नम्रपणे काढून घेणं, हे त्या अभ्यासक्रमातलं सगळ्यात अवघड प्रात्यक्षिक.

जमिनीखालचं काम वेगळं. तिथे पिवळा प्लास्टिकचा पाइप असतो, पॉलिथिलिनचा. त्याचे जोड विजेवर वितळवून करतात. पाइपचं टोक काटकोनात कापायचं, वरचा पापुद्रा खरवडायचा, पुसून घ्यायचं, कपलरमध्ये बसवून क्लॅम्पने आवळायचं आणि मशीन लावायचं. मशीन कपलरवरचा बारकोड वाचतं आणि ठरल्या वेळात आतली तार तापवून प्लास्टिक एकजीव करतं. इथवर सगळं पोरांना आवडतं. पण पुढची पायरी असते थंड होऊ देण्याची. किती मिनिटं, ते कपलरवरच लिहिलेलं असतं. तेवढा वेळ पाइपला हात लावायचा नाही, हलवायचा नाही, पाणी ओतायचं नाही, फुंकर मारायची नाही. नुसतं उभं राहायचं. चाकणच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला नुसतं उभं राहणं शिकवणं म्हणजे काय, हे ज्याने सिग्नलला पाच सेकंद उरले असताना मागून वाजणारे हॉर्न ऐकलेत त्यालाच कळेल. सुपरवायझरचा फोन, कंत्राटदाराचा फोन, रस्ता कधी बुजवणार म्हणून नगरसेवकाच्या माणसाचा फोन, आणि मध्ये पाइप शांतपणे थंड होतोय. भाच्याला मी लहानपणापासून ओळखतो. आईस्क्रीम वितळेपर्यंतही तो कधी थांबला नव्हता. तो थांबायला शिकला.

एकदा पाइप पुरला, त्यावर माती टाकली, मातीत पिवळी इशारापट्टी अंथरली की काम संपतं आणि जेसीबीची भीती सुरू होते. तळेगावजवळच जेसीबीचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्याकडे या यंत्राबद्दल माहेरच्या माणसासारखा जिव्हाळा. जेसीबी कुठे खोदत असला की निम्मं गाव बघायला उभं राहतं. पण गॅसच्या माणसाचे प्राण कंठाशी येतात. पाण्याच्या खात्याचा जेसीबी, केबलवाल्यांचा जेसीबी, गटारवाल्यांचा जेसीबी: यंत्रही पिवळं, पाइपही पिवळा आणि दोघांचं हाडवैर. इशारापट्टीवर खाली गॅस आहे असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण जेसीबीचं बकेट वाचत नाही, आणि वर बसलेला माणूस वाचतो तोपर्यंत पट्टी बकेटात आलेली असते.

पुढचा मुक्काम सोसायट्यांचा. रावेत, मोशी, चिखली भागात भाचा हाताखाली काम शिकू लागला. इथे कळलं की पाइप वाकवणं सोपं, माणसं वाकवणं अवघड. नियम असा की पाइप उघडा दिसला पाहिजे, बंद कप्प्यातून नेता कामा नये. पण स्वयंपाकघरात नुकतीच भरमसाट पैसे घालून ट्रॉल्या बसवलेल्या असतात आणि वहिनींना तो पिवळा पाइप डोळ्यांपुढे नको असतो. "टाइल्सला मॅच होत नाही हो. तुमच्याकडे आयव्हरी नाही का?" पिवळा रंग ओळखता यावा म्हणून असतो, हे सांगितलं तर "आम्हाला माहीत आहे ना पाइप कुठे आहे ते," असं उत्तर येतं. मग सासरे येतात. त्यांचं म्हणणं, मीटर आग्नेयेलाच हवं, कारण ती अग्नीची दिशा. आग्नेयेला वॉशिंग मशीन असतं. मग मुलगा येतो, त्याला ड्राय बाल्कनी काचेने बंद करायची असते, आणि मीटर नेमकं तिथेच, कारण तिथे हवा खेळते. काच लावली की हवा खेळायची थांबते. तासभर सभा चालते. शेवटी सासरे देव्हारा हलवायला तयार होतात, वॉशिंग मशीन हलत नाही.

आषाढी वारीच्या दिवसांत मात्र भाच्याने जे केलं त्याचा मला अभिमान आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचं देहूतून प्रस्थान होतं. गावात पाय ठेवायला जागा नसते. दिंड्यांचे ट्रक उभे असतात, शेजारी राहुट्या, आणि राहुटीत भट्टीवर शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक. पूर्वी रॉकेल असे, आता सिलिंडर. पखवाज, वीणा, तुळशीवृंदावन यांच्याबरोबरीने सिलिंडरही पंढरपूरला निघतो. भाचा सुट्टी असूनही ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन या राहुट्यांमधून फिरत होता. कुणी सांगितलं नव्हतं. एका राहुटीत त्याला भट्टीची रबरी नळी दिसली, भेगाळलेली, एका ठिकाणी सुतळीने बांधलेली. स्वयंपाक करणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे.

"माउली, ही नळी बदला," भाचा म्हणाला.

"आरं, पांडुरंग हाय की. काय बी व्हत न्हाई."

"माउली, पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे. नळी पाच वर्षांनी बदलावी लागते."

आजोबा क्षणभर बघत राहिले, मग त्यांनी भाच्याच्या पायाला हात लावला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, पण भाचा म्हणतो की आजोबांचा दुसरा हात तोवर रेग्युलेटरवर जाऊन तो बंद करून आला होता. नळी त्याच दुपारी बदलली.

परीक्षा झाली. लेखी बरी गेली. प्रात्यक्षिकात जोड टिकला. तोंडीत परीक्षकांनी विचारलं, "ग्राहक म्हणतो आमची ज्योत पिवळी आहे, तर काय?" पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी, ज्वलन अपुरं, ज्योत निळी हवी. भाच्याने बरोबर सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं. पण खरी परीक्षा ताईच्या जावेकडे मोशीला झाली. तिथे सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला होता. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीमध्ये नैसर्गिक वायूच्या दुपटीहून अधिक उष्णता असते, म्हणून शेगडीचे जेट बदलावे लागतात, पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचे. भाच्याने जेट बदलले, ज्योत निळी केली, मॅनोमीटर लावून दाब दाखवला. काकूंनी मॅनोमीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापली. सगळं घर ओट्याभोवती उभं. तव्यावरून भाकरी जाळावर गेली. कुणी बोलेना. भाकरी टम्म फुगली आणि काकू म्हणाल्या, "हं." हायड्रोकार्बन परिषदेचं प्रमाणपत्र आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं आहे, पण नातेवाइकांत भाच्याची किंमत त्या 'हं'नंतर वाढली.

मग स्थळं बघणं आलं. दाजींनी बायोडेटात 'गॅस इंजिनिअर' छापलंच. त्यांना एक आधारही मिळाला. आमच्या गल्लीतल्या एकांची मुलगी इंग्लंडात असते. ती सांगते की तिथे घरातला बॉयलर आणि शेगडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला सगळे गॅस इंजिनिअरच म्हणतात, आणि त्याची वेळ मिळवणं डॉक्टरची वेळ मिळवण्यापेक्षा अवघड. 2009 पासून तिथे गॅस सेफ रजिस्टर नावाची नोंदवही आहे. तिच्यात नाव नसेल त्याला गॅसच्या कामाला हात लावता येत नाही. खिशात फोटोचं कार्ड असतं आणि कोणतं काम येतं ते मागच्या बाजूला छापलेलं असतं. दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. इंग्रजांना ही शिस्त आपोआप सुचली नाही. 1968 साली लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत एका बाईने सकाळी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडातला पितळी नट कच्चा होता, रात्रभर गॅस साठलेला. इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार माणसं गेली. ती बाई वाचली, आणि शेगडीही वाचली; ती पुढे नव्या घरी तीच शेगडी घेऊन गेली म्हणतात. एका नटाच्या हलगर्जीतून गॅसच्या कारागिरांची नोंदणी सुरू झाली. भाच्याच्या मते तो नट बसवणाराही त्या दिवशी इंग्रजीत 'काही होत नाही'च म्हणाला असणार.

पहिल्या स्थळाला आम्ही चाकणच्या बाजूला गेलो. मुलीच्या वडिलांनी थेट विचारलं, "इंजिनिअर म्हणजे बीई का?" दाजी उत्तर जुळवत होते तेवढ्यात भाच्याने नाक वर केलं. पोह्यांची बशी खाली ठेवली, "एक मिनिट," म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. आत बायकांची धावपळ. त्याने रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, फ्रिजच्या बटणाकडे निघालेल्या मुलीच्या काकांना "हात लावू नका" असं ओरडून थांबवलं. मग नळी काढून बाहेर आणली आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. तिच्यावरची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि क्लिपच्या जागी बारीक चीर होती. बैठकीत शांतता पसरली. बीईचा विषय परत निघाला नाही. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगा पसंत आहे. फक्त मुलीच्या आजीला विचारायचंय की तो चहा पिण्याआधी कपही साबणाच्या पाण्याने तपासतो का.

लग्न मार्गशीर्षात आहे. मांडवातल्या आचाऱ्याला भाच्याने आत्ताच फोन करून भट्टीच्या नळ्या कोणत्या सालच्या आहेत ते विचारून घेतलंय. आचारी दुसरं काम बघतोय असं कानावर आलंय.

एवढं सगळं सांगितलं ते भाच्याचं कौतुक करायला नव्हे. बीई झालेल्याने चूक केली तर ती पुष्कळदा संगणकात राहते. या पोरांनी चूक केली तर ती आपल्या स्वयंपाकघरात राहते. तरी आपण त्यांना दारात उभं करतो, पाणी विचारत नाही आणि ते ब्रश फिरवत असताना "झालं का लवकर?" म्हणतो. माझ्या मते आपल्या पट्ट्यात इंजिनिअर पुष्कळ झाले आहेत; थंड होईपर्यंत थांबणारे कमी आहेत. ज्यांना ते जमतं त्यांना दाजींनी काय म्हणावं, ते दाजी बघून घेतील.

आपण निदान एवढं करावं. गॅसचं काम करायला कुणी आलं तर आधी त्याचं ओळखपत्र बघा आणि मग त्याला हवा तेवढा वेळ द्या. हा लेख संपला की उठा आणि आपल्या शेगडीच्या नळीवरची तारीख वाचा. सिलिंडरच्या कड्याखालच्या उभ्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी करत डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती पुढच्या चाचणीची मुदत असते, ती उलटलेला सिलिंडर घेऊ नका. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा. आणि वास आलाच तर काडी, दिवा, पंखा यांपैकी कशालाही हात न लावता दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि घराबाहेर पडा. एलपीजीच्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा आपत्कालीन क्रमांक बिलावर छापलेला असतो. दोन्ही आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि फोन अंगणात येऊन लावा.